मोठ्या अल्फाला अस्थिर लढाऊ विमानाचं नाक कसं सांभाळतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्फा म्हणजे विमानाचं नाक आकाशाकडे किती वळलंय ते का?

नाही. हा घोळ पहिल्यांदा मिटवायला हवा. अँगल ऑफ अटॅक, म्हणजे पायलटांच्या बोलण्यातला अल्फा, हा विमान आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन आहे. त्याचा क्षितिजाशी संबंध नाही. ताकदवान इंजिनाचं विमान सरळ उभं वर चढत असेल तर त्याचं नाक क्षितिजापासून ९० अंशांवर असतं, पण हवा थेट नाकावरून येत असल्यामुळे अल्फा जवळजवळ शून्य असतो. उलट एखादं विमान नाक जेमतेम वर ठेवून जमिनीकडे धपकन खाली येत असेल तर त्याचा अल्फा ५० अंशही असू शकतो. खाली जे काही लिहिलं आहे ते हवेशी होणाऱ्या या कोनाबद्दल आहे.

विमान अस्थिर आहे असं कधी म्हणायचं?

झुळुकीने नाक एक अंश वर गेलं आणि विमान आपणहून ते खाली आणायला लागलं, तर ते पिचमध्ये, म्हणजे नाकाच्या वर-खाली हालचालीत, स्थिर. नाक वर गेल्यावर आणखीच वर जायला लागलं, तर अस्थिर. हे ठरतं दोन बिंदूंच्या जागेवरून. एक गुरुत्वमध्य. दुसरा वायुगतिकीय केंद्र, म्हणजे अल्फा वाढल्यावर जी जादा लिफ्ट (वर उचलणारा जोर) मिळते ती जिथे लागू होते ती जागा. ही जादा लिफ्ट गुरुत्वमध्याच्या मागे लागली तर शेपटी उचलली जाते आणि नाक खाली येतं. पुढे लागली तर नाकच उचललं जातं. तळहातावर काठी उभी धरून चालण्यासारखं हे आहे. हात सतत हलत राहिला तरच काठी उभी राहते.

राईट बंधूंचं १९०३ चं फ्लायरही पिचमध्ये अस्थिर होतं. ते सतत हाताने सांभाळावं लागे. त्या विमानाचा वेग कमी होता आणि उड्डाणं छोटी होती, म्हणून ते जमलं.

मग मुद्दाम असं विमान का बनवायचं?

तीन कारणं आहेत आणि तिन्ही वजनदार आहेत.

स्थिर विमानात नाक वर धरून ठेवायला शेपटीला खाली ढकलावं लागतं. म्हणजे पंख जे उचलतोय त्यातलं थोडं शेपटी वाया घालवते, आणि त्याचा ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, वेगळा पडतो. अस्थिर विमानात शेपटीही वरच उचलते, त्यामुळे तेवढ्याच पंखात जास्त वळण मिळतं. दुसरं, जे विमान आपणहून वळायला तयारच बसलंय त्याचं नाक झपाट्याने फिरतं. तिसरं कारण कमी लोकांना ठाऊक असतं, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ध्वनीचा वेग ओलांडला की पंखाचं वायुगतिकीय केंद्र मागे सरकतं, पंखाच्या पुढून मागे मोजलेल्या रुंदीच्या साधारण पाव भागावरून जवळपास निम्म्यापर्यंत. कमी वेगात नीट स्थिर असलेलं विमान त्यामुळे स्वनातीत वेगात गरजेपेक्षा फार जास्त स्थिर होऊन बसतं. ते वळवायला शेपटी पुरी पडत नाही. कमी वेगातच थोडं अस्थिर ठेवलं तर जास्त वेगात ते नेमकं हवं तेवढं स्थिर होतं. १९७४ मध्ये उडालेल्या वायएफ-१६ ने हा विचार प्रत्यक्ष लढाऊ विमानात आणला.

चांगला पायलट हे हाताने का सांभाळू शकत नाही?

वेळ पुरत नाही म्हणून. अस्थिर विमानातली चूक चक्रवाढीने वाढते. ती दुप्पट व्हायला लागणारा वेळ हे अस्थिरतेचं खरं माप. एक्स-२९ हे पुढे झुकलेल्या पंखांचं प्रायोगिक विमान डिसेंबर १९८४ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याची अस्थिरता सुमारे ३५ टक्के होती, म्हणजे वायुगतिकीय केंद्र गुरुत्वमध्याच्या पुढे पंखाच्या सरासरी रुंदीच्या ३५ टक्के अंतरावर. सर्वात वाईट स्थितीत त्यात चूक दुप्पट व्हायला एका सेकंदाचा साधारण आठवा भाग पुरे होता. माणसाला काहीतरी जाणवून हात हलेपर्यंत पाव सेकंद जातो. तोवर चूक चौपट झालेली असते आणि अर्ध्या सेकंदात ती सोळापटीच्या आसपास जाते. इथे कौशल्य कितीही असलं तरी उपयोग नाही.

कॉम्प्युटर नेमकं काय करतो?

तो पायलटच्या स्टिकचा (हातातल्या नियंत्रण-दांड्याचा) अर्थ बदलतो. फ्लाय-बाय-वायर विमानात, म्हणजे जिथे स्टिकची हालचाल विद्युत संकेतांनी कॉम्प्युटरमार्फत पोहोचते तिथे, स्टिक म्हणजे "शेपटी इतकी फिरव" असा हुकूम नसतो. "मला इतका जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटीतला प्रवेग) हवा" किंवा "नाक या वेगाने फिरू दे", मोठ्या अल्फाला तर "अल्फा इतका ठेव", अशी ती मागणी असते. कॉम्प्युटर पिचचा वेग, प्रवेग आणि अल्फा मोजतो, मागणीशी ताडतो आणि फरक मिटेल तशी शेपटी-पंखांवरच्या हलत्या पृष्ठभागांना हालचाल देतो. एक्स-२९ मध्ये ही दुरुस्ती सेकंदाला ४० वेळा होत असे. मोजण्यापासून आज्ञेपर्यंतची ही साखळी, म्हणजे वाहिनी, एकच असेल आणि ती बिघडली तर विमान तिथेच जाईल, म्हणून या वाहिन्या तीन किंवा चार असतात आणि त्या एकमेकींची उत्तरं तपासतात. ४ जानेवारी २००१ ला पहिल्यांदा उडालेल्या तेजसमध्ये चार डिजिटल वाहिन्या आहेत.

मोठ्या अल्फाला वेगळं काय घडतं? अस्थिरता तर आधीपासून होतीच.

लहान अल्फाला हवा पंखाला चिकटून वाहते आणि सगळे संबंध जवळजवळ सरळ रेषेत असतात. शेपटी दुप्पट फिरवली की परिणाम दुप्पट. अल्फा २०–२५ अंशांच्या पुढे गेला की हे मोडतं.

डेल्टा, म्हणजे त्रिकोणी, पंख किंवा पंखाच्या मुळाशी पुढे निघालेले स्ट्रेक असलेल्या विमानात वरच्या बाजूला भोवरे तयार होतात आणि त्यांच्यामुळे भरपूर लिफ्ट मिळते. अल्फा वाढत गेला की हे भोवरे फुटतात. फुटण्याची जागा मागून सुरू होऊन पुढे सरकत येते. म्हणजे आधी पंखाचा मागचा भाग लिफ्ट गमावतो, पुढचा उचलतच राहतो, आणि नाक आणखी वर ढकललं जातं. त्याच सुमारास शेपटी पंखामागच्या विस्कटलेल्या, मंदावलेल्या हवेत सापडते. शिवाय वेग कमी झालेला असतो. पृष्ठभागाची ताकद वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून निम्म्या वेगाला ती पावच उरते.

म्हणजे नाक वर ढकलणारा जोर वाढतोय, आणि ते खाली आणायचं साधन नेमकं तेव्हाच दुबळं होतंय.

सगळ्यात मोठी अडचण कोणती?

नाक खाली आणणं. अनेकांना वाटतं की नाक वर नेणं हे शौर्याचं काम. अस्थिर विमानात वर जाणं फुकट मिळतं. खाली येण्याची हमी मात्र आधीच तजवीज करून ठेवावी लागते, आणि माझ्या मते अशा विमानाचं आराखड्यापासूनचं मोजमाप याच एका प्रश्नावर व्हायला हवं: प्रत्येक अल्फाला, पूर्ण ताकद लावल्यावर, नाक खाली आणणारा किती जोर शिल्लक आहे?

या शिल्लकीचा आलेख काढला तर एक गोष्ट लक्षात येते. अल्फा वाढतो तसा तो जोर कमी होत जातो, साधारण ३० ते ५० अंशांच्या दरम्यान कुठेतरी सर्वात कमी होतो, आणि मग पुन्हा वाढतो. कारण खूप मोठ्या कोनाला विमान हवेला सपाट फळीसारखं आडवं येतं आणि गुरुत्वमध्यामागचं क्षेत्रफळ नाक खाली ढकलायला लागतं. मधली ही खिंड सगळं ठरवते. तिथे शिल्लक भरपूर असेल तर पायलट बेधडक उडवू शकतो. ती शून्याला टेकली तर विमान वर जाईल आणि परत येणार नाही.

आता यातला किचकट भाग. अस्थिर विमान नुसतं एका अल्फावर धरून ठेवायलाही शेपटी आधीच नाक खाली ढकलण्याच्या दिशेने फिरलेली असते. म्हणजे राखीव साठ्यातला काही भाग उभं राहण्यातच खर्च झालेला. उरलेल्यातून झुळूक सावरायची, पायलटची घाईची मागणी पुरवायची, आणि रोलचा (विमान कुशीवर फिरवण्याचा) खर्चही भागवायचा. अमेरिकेत नासा आणि नौदलाने मिळून नाक खाली आणण्याची किमान क्षमता किती हवी यावर खास संशोधन केलं, ते यासाठीच. पायलट म्हणतो "खाली", तेव्हा पहिल्या सेकंदात विमानाने काय प्रतिसाद दिला यावर त्याचा विश्वास बसतो किंवा उडतो.

रोलचा पिचशी काय संबंध?

फार मोठा. मोठ्या अल्फाला रोल विमानाच्या लांबीच्या अक्षाभोवती करता येत नाही, केला तर अल्फाचं रूपांतर बाजूच्या घसरणीत होतं. म्हणून रोल हवेच्या दिशेभोवती करतात. तसं करताना नाक आणि शेपटी शंकूच्या आकारात फिरतात, आणि लढाऊ विमानाचं बहुतेक वस्तुमान लांबीत पसरलेलं असल्यामुळे ते बाहेर फेकलं जायला बघतं. परिणाम: नाक वर. रोल डावीकडे असो की उजवीकडे, जोर वरच्याच दिशेने. तो रोलच्या वेगाच्या वर्गाने वाढतो आणि ४५ अंश अल्फाला सर्वात जास्त असतो, म्हणजे बरोब्बर त्या खिंडीत. म्हणूनच अल्फा वाढला की कॉम्प्युटर रोलचा वेग आवळतो. पायलटला ते जाचक वाटू शकतं, पण तो पिचचा साठा राखत असतो.

शेपटी नसलेल्या डेल्टा विमानात ताण आणखी वाढतो, कारण पिच आणि रोल दोन्ही कामं पंखाच्या मागच्या कडेचे तेच हलते भाग, म्हणजे एलेव्हॉन, करतात. दोन्ही मागण्या एकदम आल्या तर आधी पिच भागवायची, हे नियंत्रण नियमात लिहून ठेवावं लागतं.

डीप स्टॉल म्हणजे काय? त्यातून बाहेर येता येतं?

स्टॉल म्हणजे हवा पंखापासून सुटून लिफ्ट कोसळणं. नाक खाली आणणाऱ्या जोराची शिल्लक संपल्यावर विमान त्यातच अडकतं, तो डीप स्टॉल. एफ-१६ हे त्याचं सर्वाधिक अभ्यासलेलं उदाहरण. त्याचा कॉम्प्युटर अल्फा साधारण २५ अंशांवर रोखतो. पण पायलट नाक खूप वर ठेवून वेग पार संपवतो, तेव्हा शेपटीत जीव उरत नाही आणि विमान ती मर्यादा ओलांडून जातं. मग ते ५० ते ६० अंशांच्या आसपास जाऊन बसतं. शेपटी पूर्णपणे नाक खाली या स्थितीत असते, तरी नाक खाली येत नाही. विमान डुलत डुलत, पुढे जवळपास न सरकता, खाली उतरत राहतं. अस्थिर म्हणून बनवलेलं विमान इथे भलत्याच कोनावर स्थिर होऊन बसलेलं असतं.

सुटका त्या डुलण्यातच आहे. कॉकपिटमध्ये मॅन्युअल पिच ओव्हरराइड नावाचा स्विच असतो. तो दाबून धरला की कॉम्प्युटरची मर्यादा बाजूला होते आणि शेपटी पायलटच्या हाती येते. नाक वर जात असेल तेव्हा स्टिक मागे ओढायची, खाली पडायला लागलं की पुढे ढकलायची. लय जुळली तर डुलणं वाढत जातं आणि एका झोक्यात नाक इतकं खाली येतं की हवा पुन्हा चिकटते. लय चुकली तर डुलणं मरतं. स्टिक नुसती पुढे दाबून बसणं ही सहज सुचणारी गोष्ट इथे निरुपयोगी, कारण कॉम्प्युटर ते आधीच करून थकलेला असतो. पुढे एफ-१६ ला मोठी आडवी शेपटी दिली गेली, त्यामागे मोठ्या अल्फाला पिचची ताकद वाढवणं हे एक कारण होतं.

कॅनार्ड चांगला की शेपटी?

कॅनार्ड म्हणजे मुख्य पंखाच्या पुढे बसवलेला छोटा पंख. फक्त नाक खाली आणण्यापुरतं बोलायचं तर कॅनार्डची बाजू मला भक्कम वाटते. शेपटीला नाक खाली ढकलायचं असेल तर स्वतः जास्त लिफ्ट द्यावी लागते, म्हणजे विमानाच्या अल्फात स्वतःच्या कोनाची भर घालावी लागते. त्यामुळे ती स्वतःच स्टॉल होते. कॅनार्डचं उलट आहे. तो पुढे असल्यामुळे नाक खाली आणायला त्याने लिफ्ट फक्त सोडून द्यायची. अल्फा ६० असला तरी कॅनार्ड ५० अंश खाली वळवला की त्याला हवा १० अंशांनीच लागते. ग्रिपेन, रफाल, टायफून यांच्या पिच नियंत्रणात कॅनार्डचा मोठा वाटा आहे. अर्थात कॅनार्ड पुढे असल्यामुळे विमान अधिक अस्थिर करतो, आणि त्याचे भोवरे पंखावरून जातात, त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

थ्रस्ट व्हेक्टरिंगने प्रश्न सुटतो का?

बराचसा. इंजिनाचा झोत वळवला तर मिळणारा जोर विमानाच्या वेगावर अवलंबून नसतो, आणि मोठ्या अल्फाला नेमकी तीच उणीव असते. एफ-२२ चे नॉझल (झोत बाहेर पडायची तोंडं) पिचमध्ये २० अंश वर आणि २० अंश खाली वळतात. सुखोई-३० एमकेआयमध्ये वळणारे नॉझल आणि कॅनार्ड दोन्ही आहेत. अमेरिका आणि जर्मनीच्या एक्स-३१ ने झोतात घुसणाऱ्या तीन पट्ट्यांच्या मदतीने ७० अंश अल्फाला नियंत्रित उड्डाण करून दाखवलं आणि एप्रिल १९९३ मध्ये स्टॉलच्या पलीकडे जाऊन १८० अंशांचं झटपट वळणही घेतलं. नासाच्या एफ-१८ एचएआरव्ही या संशोधन विमानानेही त्याच काळात ७० अंश गाठले.

पण इंजिन बंद पडलं तर? किंवा पायलटने थ्रॉटल मागे घेतला तर? म्हणून एक्स-३१ ला छोटे कॅनार्डही दिले होते. झोत गेला तरी नाक खाली यावं, एवढ्यासाठी. ही दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते.

कोब्रा करणारं विमान ११०–१२० अंशांपर्यंत जातं. मग २५ अंशांच्या मर्यादेला काय अर्थ?

कोब्रा ही क्षणिक झेप आहे. व्हिक्टर पुगाचेव्ह यांनी १९८९ च्या पॅरिस प्रदर्शनात सुखोई-२७ वर ती दाखवली, तेव्हा जग थक्क झालं. पायलट अल्फाचा मर्यादक बंद करतो, स्टिक जोरात ओढतो, नाक गतीच्या भरात ९० च्या पार जातं, आणि तिथे विमानाचा आकारच नाक खाली ढकलणारा जोर देतो. म्हणजे हे विमान त्या खिंडीतून वेगाने आरपार जातं आणि परत येतं. ४५ अंशांवर थांबून, हवा तसा रोल करत, नेम धरणं ही वेगळी आणि कितीतरी कठीण गोष्ट आहे. एक्स-२९ च्या दुसऱ्या विमानाने ६७ अंशांपर्यंत अल्फा गाठला, पण चांगली हाताळणी सुमारे ४५ पर्यंतच मिळाली.

अ‍ॅक्चुएटरच्या वेगाबद्दल इतकी चर्चा का होते?

कारण कागदावरचा सुंदर नियम शेवटी पृष्ठभाग हलवणाऱ्या एका हायड्रॉलिक दट्ट्याला, म्हणजे अ‍ॅक्चुएटरला, पाळायचा असतो, आणि त्याला सेकंदाला ठरावीक अंशांहून जास्त हलता येत नाही. मागणी त्याहून वेगवान झाली की पृष्ठभाग मागे पडतो. पायलटला वाटतं विमान ऐकत नाही, तो आणखी ओढतो, तोवर जुनी आज्ञा पोहोचते, मग तो उलटा ढकलतो. पायलट आणि विमान एकमेकांना झोके देऊ लागतात. ऑगस्ट १९९३ मध्ये स्टॉकहोमवर ग्रिपेन कोसळलं, त्यात स्टिकच्या झपाट्याच्या हालचालींनी पृष्ठभागांची वेगमर्यादा संपली होती. एप्रिल १९९२ मध्ये एडवर्ड्स तळावर वायएफ-२२ असंच झोके खात धावपट्टीवर पोटावर आदळलं. दोन्ही घटना कमी उंचीवरच्या होत्या आणि अल्फाही प्रचंड नव्हता. पण मोठ्या अल्फाला पृष्ठभाग दुबळे असल्यामुळे त्यांना जास्त आणि जास्त वेगाने हलावं लागतं, आणि तीच मर्यादा लवकर गाठली जाते.

सेन्सर चुकला तर?

तर कॉम्प्युटर पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचं करतो. १९ जानेवारी १९९५ ला एक्स-३१ चं एक विमान असंच गेलं. वेग मोजणाऱ्या नळीवर बर्फ साचला, त्या नळीला गरम ठेवायची सोय नव्हती. चुकीच्या वेगावरून कॉम्प्युटरने पृष्ठभाग किती हलवायचे याचं प्रमाण चुकीचं धरलं आणि विमान ताब्याबाहेर गेलं. पायलट इजेक्ट करून वाचला. मोठ्या अल्फाला तर नाकाजवळची अल्फा मोजणारी पाती स्वतःच विस्कटलेल्या हवेत असतात, म्हणून जडत्वमापकांवरून (विमानाची हालचाल मोजणाऱ्या उपकरणांवरून) काढलेला अल्फा पात्यांच्या मापाशी ताडून पाहतात.

अधिक हुशार सॉफ्टवेअर लिहिलं तर ही बंधनं जातील का?

काही जातात. एफ-३५ मध्ये विमानाचं गणिती प्रारूप उलटवून, "हवा तो पिच-वेग मिळायला कोणता पृष्ठभाग किती हलवू?" हे सतत सोडवणारी पद्धत आहे, आणि ते ५० अंश अल्फापर्यंत उडवता येतं. वाकड्यातिकड्या आलेखांशी झगडायला ही पद्धत उत्तम आहे.

पण एक बंधन कोणत्याही सॉफ्टवेअरने सुटत नाही. अमेरिकी अभियंते हेन्ड्रिक बोडे यांनी १९४० च्या दशकात मांडलेलं गणित पुढे अस्थिर प्रणालींसाठी वाढवलं गेलं, आणि त्याचा निष्कर्ष रोखठोक आहे: काही वारंवारितांवर चुका दाबल्या की दुसऱ्या वारंवारितांवर त्या वाढतातच, आणि प्रणाली जितकी अस्थिर तितकी ही वाढ जास्त. ती वाढ कुठे पसरवायची एवढंच अभियंत्याच्या हातात असतं, आणि पसरवायला जागा किती हे अ‍ॅक्चुएटर, सेन्सर आणि विमानाच्या सांगाड्याची थरथर ठरवते. एक्स-२९ मध्ये ही जागा इतकी अरुंद होती की स्थैर्याची नेहमीची सुरक्षित मर्यादा पाळणं गणितानेच अशक्य होतं. नाक खाली आणणारी ताकद तर सॉफ्टवेअर निर्माणच करू शकत नाही. ती शेपटीच्या क्षेत्रफळातून, कॅनार्डमधून, झोतातून किंवा गुरुत्वमध्याच्या जागेतून यावी लागते.

हे सगळं जीव धोक्यात न घालता कसं तपासतात?

पायरीपायरीने. आधी वातविवरात (कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात) स्थिर प्रतिकृती, मग फिरत्या दांड्यावर बसवलेली प्रतिकृती, मग नासाच्या लँग्ली केंद्रात आहे तशा उभ्या झोताच्या बोगद्यात मोकळी सोडलेली. पुढे हेलिकॉप्टरमधून सोडलेली मोठी प्रतिकृती. शेवटी खरं विमान, भरपूर उंचीवर, अल्फा थोडाथोडा वाढवत, आणि शेपटीला स्पिनमधून (गरगरत खाली पडण्यातून) ओढून काढणारं पॅराशूट बांधून. एक्स-२९ च्या दुसऱ्या विमानाला ते होतं. प्रत्येक पायरीला आधीच्या भाकिताशी मोजमाप जुळतंय का ते पाहतात, आणि नाक खाली आणणारा जोर भाकितापेक्षा कमी निघाला तर पुढचं उड्डाण थांबवून गणित पुन्हा मांडतात.